नाणेसंग्रहाचे तयार किट: काय ठेवावे, काय परत पाठवावे

ऑनलाइन दुकानांत ‘कॉइन कलेक्शन स्टार्टर किट’ या नावाने जे विकले जाते त्याचा साचा थोड्याफार फरकाने एकच असतो. कप्प्यांचा अल्बम, ‘६० पट’ असे कोरलेले घडीचे भिंग, पांढरे सुती हातमोजे, स्टीलचा चिमटा, पन्नासेक परदेशी नाण्यांचे पाकीट आणि वर ‘भेट’ म्हणून रामदरबाराचे एक ‘ईस्ट इंडिया कंपनीचे’ नाणे. किंमत साधारण पाचशेपासून दीड हजारापर्यंत. यातले परदेशी नाण्यांचे पाकीट तेवढे कामाचे आहे. बाकीच्या वस्तू निरुपयोगी तरी आहेत किंवा नाण्यांना अपाय करणाऱ्या तरी. नवशिक्याला सर्वांत आधी जी वस्तू लागते तो वजनकाटा, आणि तो बहुतेक किटांत नसतोच. तेवढ्याच पैशांत, फार तर पाचशे-सातशे जास्त घालून, सामान सुटे घेतले तर ते वर्षानुवर्षे पुरते. म्हणून एकेक वस्तू उघडून पाहू.

अल्बम: किटातली सर्वांत घातक वस्तू

चकचकीत पुठ्ठ्याचा, दोन-अडीचशे कप्प्यांचा हा अल्बम दिसायला झकास असतो. पाने मऊ, लवचिक, काचेसारखी पारदर्शक. हा मऊपणाच घात करतो. स्वस्त अल्बमची पाने बहुधा पीव्हीसीची असतात आणि पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेटसारखी तेलकट रसायने मिसळलेली असतात. काळाबरोबर ती बाहेर झिरपतात. उष्म्याने प्लास्टिकमधून आम्लाचा अंशही सुटतो. तांबे किंवा तांबे मिसळलेला धातू त्याच्या संपर्कात आला की नाण्यावर हिरवट, चिकट थर धरतो. चांदीचा रुपयाही यातून सुटत नाही, कारण त्यात तांबे असतेच. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हे काम लवकर होते, विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद कपाटात तर आणखी लवकर.

पान पीव्हीसीचे आहे की नाही हे ओळखायच्या दोन रीती आहेत. पहिली नाकाची: पाकीट फोडल्याफोडल्या नव्या रेनकोटसारखा वास आला तर शंभरातली नव्वद वेळा ते पीव्हीसी. दुसरी खात्रीची. विजेच्या वायरीतली तांब्याची जाड तार आवरण पूर्ण सोलून घ्या, लाकडी चिमट्यात धरा आणि गॅसच्या ज्योतीत लाल होऊ द्या. सुरुवातीला ज्योत हिरवी दिसली तर ती हिरवाई जाईपर्यंत तापवत राहा. मग तापलेले टोक पानाच्या कोपऱ्याला टेकवा, थोडेसे प्लास्टिक चिकटले की तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवीगार झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे, म्हणजे ते पीव्हीसी. खिडक्या उघड्या ठेवा, तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाच असू द्या. त्याचा धूर घशाला झोंबतो आणि चांगला नसतो.

नाणी आधीच अशा अल्बममध्ये असतील आणि थर ओलसर, चिकट अवस्थेत असेल तर शुद्ध ॲसिटोनने तो निघतो. रसायनांच्या दुकानातून ॲसिटोन आणा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. काचेच्या वाटीत नाणे दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवा, उलटा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा धुवा आणि न पुसता हवेवर सुकू द्या. घासायचे नाही. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून स्वयंपाकघरात हे काम करू नये. थराखाली धातूला खड्डे पडले असतील तर ते मात्र भरून येत नाहीत.

याला पर्याय सोपा आहे. पॉलिप्रॉपिलीनची पाने घ्या. ती किंचित दुधट आणि कुरकुरीत असतात आणि त्यांना वास नसतो. विक्रेत्याला ‘पीव्हीसी फ्री’ हे शब्द वापरून विचारा आणि पान हातात आल्यावर तारेची परीक्षा एकदा करून पाहा. पाकिटावर लिहिलेले सगळेच खरे असते असे नाही. वीस कप्प्यांची पाने आणि मजबूत कड्यांची फाइल एवढे पुरते. एका फाइलमध्ये पंधरापेक्षा जास्त पाने कोंबू नयेत. नाण्यांचे वजन मोठे असते, कड्या फाकतात आणि पाने खालून वाकतात.

पुठ्ठ्याचे होल्डर, जे किटात नसतातच

नाणे सरळ अल्बमच्या कप्प्यात टाकायचे नसते. आधी होल्डर, मग कप्पा. पाच सेंटिमीटर चौरस, मधे गोल खिडकी आणि खिडकीला पॉलिएस्टरची पातळ फिल्म, असा दुमडता पुठ्ठा मिळतो. शंभर नगांचे पाकीट साधारण दोनशे ते चारशे रुपयांना पडते. खिडकीचे माप नाण्यापेक्षा दीड ते तीन मिलिमीटर जास्त हवे. २०११ पासूनचा बारका रुपया २२ मिमीचा, त्याला २५ ची खिडकी. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिमीचा, त्याला २७.५. दहा आणि वीस रुपयांची नाणी २७ मिमीची, त्यांना ३०. राणीछाप, राजाछाप चांदीचे रुपये साडेतीस मिमीच्या आसपास, त्यांना ३२.५. सुरुवातीला २७.५ चे एक पाकीट आणि ३२.५ चे अर्धे एवढेच घ्या. मिश्र मापांच्या पाकिटात नको ती मापे जास्त निघतात.

चिकटपट्टीचे होल्डर आणि स्टेपलरच्या पिनांचे होल्डर असे दोन प्रकार आहेत. आमचा कौल पिनांना. दमट हवेत चिकटपट्टीचा गोंद कडेने ओघळतो आणि एकदा चुकले की होल्डर वाया. मात्र पिन मारल्यावर काम संपत नाही: चारही बाजूंना एकेक पिन मारून मागची टोके पक्कडीने दाबून सपाट केली नाहीत, तर शेजारच्या कप्प्यातले नाणे तीच टोके ओरबाडतात. होल्डर उघडायची वेळ आली तर पिना उचकटू नका, पुठ्ठा कडेने कापा. पिन निसटून नाण्यावर ओढली गेली की तो ओरखडा कायमचा.

नव्या होल्डरच्या फिल्मवर पुठ्ठ्याची बारीक धूळ बसलेली असते. तांब्याच्या नाण्यावर पुढे जे काळे ठिपके पडतात त्यांतले बरेच याच धुळीचे. कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा वापरून ती उडवा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा शिंतोडा उडाला तर त्याचाही डाग पडतो.

शिवराईसारखी (छत्रपतींच्या नावाचे तांब्याचे नाणे) जाड, वाकडीतिकडी नाणी आणि १९९२ नंतरचे ९ ग्रॅमचे जाडजूड पाच रुपये पुठ्ठ्यात नीट बसत नाहीत, फिल्म ताणून फाटते. त्यांच्यासाठी कडक प्लास्टिकची कॅप्सूल घ्यावी, मापाची गोल किंवा आत फोमची कडी असलेली. कॅप्सूल महाग पडते, म्हणून सगळ्या नाण्यांना ती नको. रोजच्या वापरातून काढलेल्या दोन रुपयांच्या नाण्याला पंधरा-वीस रुपयांची कॅप्सूल घालण्यात अर्थ नाही.

भिंग

‘६० पट’ हा आकडा निव्वळ बाजारी आहे. त्या घडीच्या भिंगाची खरी ताकद बहुधा दहापटीच्या आसपासच असते, आणि काच एकेरी असल्यामुळे कडेला सगळे वाकडे व रंगीत दिसते. घड्याळजी किंवा सराफ वापरतात तसे दहापट, तीन काचांचे भिंग वेगळे घ्यावे. भिंग डोळ्याजवळ धरायचे आणि नाणे त्याच्याकडे न्यायचे. लांब धरून टेहळणी केली तर चांगले भिंगही निकामी वाटते. दिवा एका बाजूने, तिरपा. सरळ वरून प्रकाश पडला तर ओरखडे आणि झीज लपते.

भिंगाची पहिली गरज टांकसाळीच्या खुणेसाठी. आपल्या नाण्यांवर वर्षाच्या आकड्याखाली ती असते: मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादचा पाच टोकांचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोलकात्याची खूण नसते. चलनात झिजलेल्या रुपयावर हिऱ्याचे कोपरे गोल होतात आणि मुंबईचे नाणे नोएडाचे वाटू लागते. नवशिक्यांच्या याद्यांत हा घोळ सर्वांत जास्त सापडतो. तिरप्या उजेडात खूण फिरवत पाहिली की हिऱ्याचे वरचे आणि खालचे टोक कुठेतरी चमकतेच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी काही नाणी मेक्सिको, प्रिटोरिया, क्रेम्निका, मॉस्को इथेही पाडून आणली होती, त्यांच्या खुणा अक्षरांच्या आहेत. १९८५ च्या रुपयावर बर्मिंगहॅमच्या टांकसाळीचा ‘एच’ सापडतो.

म्हणूनच सुरुवातीचा संग्रह ‘जे मिळेल ते’ असा करण्यापेक्षा एकच नाणे धरून करावा. १९९२ ते २००४ या काळातला स्टीलचा रुपया, २५ मिमी, ४.८५ ग्रॅम, एकेका वर्षाचा आणि एकेका टांकसाळीचा. खर्च दर्शनी किमतीएवढा. किराणा दुकानदार, रिक्षावाले, देवळाची दानपेटी मोजणारे यांच्याकडून मोड घेतली की अर्धी यादी भरते. एवढे झाले की डोळा तयार होतो. पन्नास पैसे अजून कायदेशीर चलन आहेत, पण व्यवहारात दिसेनासे झाले आहेत. ते हाती लागले की बाजूला काढावेत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, ती आता जुन्या बाजारात वजनावर किंवा मुठीवर मिळतात.

वजनकाटा: पहिली खरेदी

एक शतांश ग्रॅम, म्हणजे ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा पाचशेच्या आसपास मिळतो. क्षमता २०० ग्रॅमची घ्यावी, ०.१ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा या कामाचा नाही. काटा कडप्प्याच्या ओट्यावर ठेवा, पंखा बंद करा, चालू करून दोन मिनिटे थांबा. सोबत तपासणीचे वजन नसेल तर नवीकोरी नाणी आहेतच: वीस रुपयांचे बारा कोनांचे नाणे ८.५४ ग्रॅमचे. काट्यावर ते ८.३ किंवा ८.८ दाखवत असेल तर दोष काट्याचा.

जोडीला व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर. तो मात्र प्लास्टिकचा घ्या, स्टीलचे जबडे नाण्याच्या कडेवर खूण पाडतात. इथे एक दशांश मिलिमीटरची अचूकता पुष्कळ झाली. तिसरे एक लहान लोहचुंबक. हे तिन्ही मिळून आठशे-हजारात होते आणि जुन्या बाजारातल्या खोट्या मालापैकी मोठा हिस्सा इथेच गळतो.

चुंबकाचे आधी. स्टीलचे रुपये चिकटतात. निकेलही चिकटते, त्यामुळे १९४७ चा वाघाचा रुपया चिकटलाच पाहिजे. तो निकेलचा आहे. उलट ताम्र-निकेलचे, म्हणजे तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचे नाणे चिकटत नाही. चांदीचा म्हणून दिलेला रुपया चुंबकाला लागला तर पुढे बोलायचेच नाही.

आता चांदीचा रुपया. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या प्रमाण रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदी ९१.७ टक्के. चलनात फिरलेला रुपया ११.४ ते ११.६ भरतो, फारच झिजलेला त्याहूनही खाली. पण वजन जुळले म्हणून चांदी ठरत नाही, कारण जर्मन सिल्व्हरचा (तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण, नावापुरती चांदी) रुपया थोडा जाड केला की वजन जुळते. इथे पाण्याची परीक्षा कामी येते, आणि ती घरच्या काट्यावर होते.

काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली छोटी वाटी ठेवा आणि ‘टेअर’ दाबून आकडा शून्य करा. नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधा. सुती दोरा पाणी पितो. नाणे पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असे हातात लोंबकळत धरा. हात डगमगत असेल तर दोरा एखाद्या आडव्या पट्टीला बांधा. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर एकदा हलवून झटका. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला तर ते धरतच नाहीत. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा. खऱ्या रुपयाचे उत्तर १०.३ च्या आसपास येते: ११.६६ भागिले १.१३. जर्मन सिल्व्हरचा नग त्याच वजनाला १.३५ च्या जवळ पाणी सारतो आणि उत्तर ८.६ च्या घरात उतरते. हा फरक ०.०१ च्या काट्यावर ठळक दिसतो. नाणे तळाला टेकले तर आकडा एकदम मोठा येतो. चूक बहुतेक वेळा तिथेच होते. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, त्याला १०.३ चा निकष लावून खोटा ठरवू नये. त्या रुपयाच्या दातेरी कडेत मधोमध खाच असते, ती पाहून आधी ओळख पटवावी.

परीक्षेत पास झालेला रुपयाही संग्रहाच्या दृष्टीने कमअस्सल असू शकतो. आपल्याकडे या रुपयांच्या माळा केल्या जात. कडी जोडताना दिलेला धातूचा डाग (झाळ) पुढे कडी काढून घासला तरी कडेवर बारा वाजताच्या जागी सपाट, वेगळ्या रंगाचा पट्टा राहतो. कड फिरवून पाहिली नाही तर विक्रेता हे सांगत नाही. दुसरे, दर दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी रांगोळी नाहीतर दंतमंजनाने घासून लखलखीत केलेले रुपये. भिंगाखाली त्यांच्यावर एकाच दिशेच्या केसासारख्या रेघा दिसतात. असा रुपया चांदीच्या भावाने घ्यावा, नाण्याच्या भावाने नाही.

तांब्याच्या नाण्यांना चिंच-मीठ, लिंबू, राख लावणे तर पूर्ण बंद. वरचा तपकिरी थर हा धातूचे संरक्षण करणारा आणि नाण्याचे वय सांगणारा भाग आहे. तो गेला की उघडे तांबे गुलाबी दिसते आणि पुढे ठिपक्याठिपक्यांनी काळे पडते. मातीच लागली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, मऊ कापडावर टिपून सुकवा, बस्स.

हातमोजे, चिमटा आणि रामदरबार

सुती हातमोज्यांत बोटांची पकड जाते आणि नाणे सुटते, बहुतेक वेळा थेट फरशीवर. स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात आणि नाणे फक्त कडेला धरायची सवय पुरेशी आहे. फारच मूल्यवान नाणे असेल तर पावडर नसलेले नायट्राइल मोजे. खाली घडी घातलेला टॉवेल हवाच. स्टीलचा चिमटा नाण्याजवळ आणू नये.

परदेशी नाण्यांचे पाकीट ठीक. किंमत नगण्य असते, पण लिपी आणि चिन्हांवरून देश ओळखणे, चुंबक-वजन-व्यासाची नोंद करणे यांचा सराव त्यावर छान होतो. मुलांना द्यायला उत्तम.

रामदरबाराच्या नाण्याला मात्र संग्रहात जागा नाही. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान किंवा कमळ, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यूकेएल वन आना’ आणि १८१८, १७१७ किंवा १६१६ साल. कंपनीने असे नाणे कधीही पाडलेले नाही. हे अलीकडच्या काळातले बनावट टोकन आहेत. धातू पितळ किंवा तांबे, अक्षरे फुगीर आणि बोथट. ‘तांदूळ ओढणारे चमत्कारी नाणे’ म्हणून यांच्यावर लाखोंच्या फसवणुकी झाल्या आहेत. कंपनीचे खरे तांबे पाहायचे असेल तर १८३० च्या दशकातला मुंबई इलाख्याचा पाव आणा पाहा. त्यावर तराजू आहे आणि पारड्यांच्या मधे फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. तो आजही परवडणाऱ्या किमतीत मिळतो.

शिवराईबाबत सावधगिरी वेगळी. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. एकोणिसाव्या शतकापर्यंत ती दख्खनमध्ये फिरत होती, त्यामुळे खरी शिवराई दुर्मीळ नाही. वाचता येईल अशी, सगळी अक्षरे पूर्ण उतरलेली शिवराई मात्र दुर्मीळ आहे. मूळ चकती साच्यापेक्षा लहान असल्याने अक्षरे जवळजवळ नेहमी कडेला कापलेली असतात. सगळी अक्षरे नीट मधोमध, गोलाई तंतोतंत आणि कडेला ओतकामाची शिवण असेल तर ती ओतीव नक्कल. सोन्याचा शिवकालीन होन रस्त्यावर कुणी दाखवला तर पाहून परत द्यावा. ब्रिटिश रुपयांतही अशीच काही वर्षे आहेत: १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून १९३८ च्या रुपयाचा शेवटचा आकडा बदललेले नग फिरतात. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून आरडाओरडा झाला आणि १९१२ ला चित्र बदलले. त्यामुळे १९११ ला भाव आहे आणि नवशिक्याने तो पहिल्या वर्षी घेऊ नये.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला काटा-चुंबक खिशात घेऊन जा. पंचम जॉर्जचे ब्राँझचे पाव आणे, २५.४ मिमी आणि ४.८६ ग्रॅम, आणि १९४३ नंतरचे भोकाचे पैसे यांनी सुरुवात करावी. चांदी तिथे पहिल्याच दिवशी नको.

सरकारी टांकसाळीचे सेट

सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशन, जिच्याकडे चारही टांकसाळी आहेत, ती स्मारक नाण्यांचे सेट स्वतःच्या संकेतस्थळावर विकते. मालाच्या अस्सलपणाबद्दल इथे शंका नाही, हा मोठा फायदा. प्रूफ म्हणजे चमकवलेल्या साच्याने, चमकवलेल्या चकतीवर एकापेक्षा जास्त वेळा ठोकलेले नाणे; पार्श्वभूमी आरशासारखी, चित्र दुधाळ. ‘यूएनसी’ म्हणजे चलनात न फिरलेले साधे ठोककाम. प्रूफला बोट लागले की ठसा कायमचा, म्हणून ते कॅप्सूलबाहेर काढू नये.

किंमत पाहताना धातूचे गणित करावे. बरीच वर्षे निघालेल्या शंभर रुपयांच्या स्मारक नाण्याचे वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिमी, पण चांदी पन्नास टक्केच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. बाकी ४० टक्के तांबे, ५ निकेल, ५ जस्त. अलीकडच्या काही नाण्यांत चांदी जवळजवळ शुद्ध आहे. प्रत्येक सेटखाली धातूचे प्रमाण दिलेले असते, ते वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. नोंदणी ठरावीक मुदतीत होते आणि माल हाती यायला वेळ लागतो. गुंतवणूक म्हणून हा प्रकार भरवशाचा नाही. खरेदी किमतीखाली विकायला काढलेले सेट व्यापाऱ्यांकडे दिसतात. विषय आवडला तर एखादा घ्यावा.

भावाबद्दलच्या अफवांचा मासला म्हणजे वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी. ‘लाखो मिळतील’ असे निरोप फिरतात. ती चलनात आलेली स्मारक नाणी आहेत, किंमत किरकोळ. जुन्या नाण्यांच्या खरेदीच्या नावाखाली आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता: बँक असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

पावसाळा आणि कायदा

फाइल हवाबंद प्लास्टिक डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे जेल घ्या म्हणजे ओलावा भरल्याचे कळते. मग १२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. डब्यात डांबरगोळ्या, वर्तमानपत्र आणि रबरबँड ठेवायचे नाहीत. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि रबरबँडचा पट्टा नाण्यावर तसाच उमटतो.

शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि असे नाणे देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला आजोबांच्या शिवराया पाठवायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा. १९५० नंतरची नाणी पाठवावीत. शेत नांगरताना किंवा पाया खणताना हंडा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. त्यामुळे ‘कालच शेतात निघाली’ असे सांगून विकली जाणारी नाणी दोन्ही बाजूंनी टाळण्याजोगी: खोटी असतील तर पैसे गेले, खरी असतील तर कायदा.

राहिली नोंदवही. प्रत्येक होल्डरला क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकासमोर दर्शनी किंमत, साल, टांकसाळ, धातू, वजन, व्यास, कुठून आणि किती रुपयांना घेतले. होल्डरवर लिहायचे ते नाणे आत घालण्यापूर्वी, पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब फिल्ममधून नाण्यापर्यंत पोहोचतो.